नजरेचं माप

पारनेरला मी तीन वर्षं नोकरी केली आणि त्या तीन वर्षांत माझ्या अंगाला एकही सदरा नीट बसला नाही. दोष माझ्या अंगाचा होता, असं चाचांचं म्हणणं. चाचा म्हणजे माझे घरमालक आणि माझे शिंपी. खाली रस्त्याला लागून त्यांचं दुकान, मागे त्यांचं घर आणि वर पत्र्याची एक खोली, तीत मी. मामलेदार कचेरीत मी नवाच कारकून होतो. वय बावीस, आणि तब्येत अशी की वारा सुटला की लोक मला आडोशाला घेत.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे सदऱ्याचं कापड टाकलं आणि मापासाठी हात पसरून उभा राहिलो. चाचांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, "एकतीस," असं म्हणाले आणि कापड बाजूला ठेवून दिलं. झालं माप. चार दिवसांनी सदरा मिळाला, त्यात मी आणि माझा धाकटा भाऊ दोघंही मावलो असतो. मी तक्रार केली तेव्हा त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं.

"छाती एकतीसच हाय तुमची, माझं माप चुकलं न्हाई," ते म्हणाले. "पर मी छत्तिसाचा बेतलाय. सदरा तयार हाय भाऊसाहेब, आता तुमी तयार व्हा."

आमच्या सगळ्या कचेरीचे सदरे असेच होते. नवा माणूस बदलून आला की महिन्याभरात त्याच्याही अंगावर तसलं ढगळ कापड दिसू लागे. माणूस आज केवढा आहे याला चाचा फारशी किंमत देत नसत. जोर मारले, दूध प्यायलं, तर तो केवढा होईल, तेवढं कापड ते सोडत. गावात दुसरा शिंपी नव्हता असं नाही. पण चाचांची शिलाई इतकी मजबूत की कापड विरून गेलं तरी शिवण जागची हलत नसे. आणि लढाईच्या त्या दिवसांत कापड कंट्रोलचं, कार्डावर मिळेल तेवढंच, त्यामुळे टिकाऊ कपड्याला मान होता.

स्वतः चाचा म्हणजे काडी. तरुणपणी तालमीत गेले होते म्हणे, एक दिवस. दुसऱ्या दिवशी वस्तादांनीच त्यांना समजावून घरी पाठवलं. पण त्या एका दिवसानं जी लागण झाली ती आयुष्यभर उतरली नाही. कुस्ती हे त्यांचं वेड होतं, आणि तेही त्यांच्या पद्धतीचं. डाव-पेच त्यांना फारसे कळत नसत. जत्रांमधून कुस्त्यांचा हगामा भरला की चाचा पहिल्या रांगेत, मांडी घालून. आजूबाजूचे लोक कोण कुणाचा पट काढतोय ते पाहायचे, चाचा पाहायचे खांदे. कुस्ती रंगात येऊन लोक आरडाओरडा करायला लागले की हे आपले शांतपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "गळा अठरा. दंड सोळा." शेजारच्या लोकांना वाटायचं, हे बाजारभाव बोलतायत.

टेप म्हणून जी वस्तू असते ती त्यांच्या दुकानात मशीनच्या खणात तळाशी पडलेली होती. मशीनबरोबर आली म्हणून होती. टेप आंधळ्यासाठी असतो, अल्लानं डोळे दिलेत ते कशाला, असं ते विचारत. एकदा आमच्या मामलेदारसाहेबांना लहर आली. समोरच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी विचारलं, काय मास्तर, आमची कंबर सांगा. चाचांनी मशीन न थांबवता सांगितलं, बेचाळीस, सकाळी उपाशीपोटी चाळीस. साहेबांनी घरी जाऊन बाईसाहेबांकडून दोन्ही वेळा मोजून घेतली. दुसऱ्या दिवशी कचेरीत ते कुणाशी फारसं बोलले नाहीत.

दुकानाच्या भिंतीवर इतर शिंप्यांकडे तसबिरी असत तिथं यांच्याकडे खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक सुती दोरी. प्रत्येक दोरी म्हणजे एका पैलवानाची छाती. ज्याची कुस्ती मनात भरली त्याच्या छातीएवढी दोरी, गावी परत आल्याबरोबर, माप ताजं असताना चाचा कापत आणि खिळ्याला लावत. तेवीस दोऱ्या होत्या. गिऱ्हाईक हौसेनं एखादी दोरी काढून स्वतःभोवती गुंडाळून बघे. माझ्याभोवती एकीचा दीड वेढा बसला तेव्हा चाचांनी मला तीच दोरी रोज सकाळी एकदा बघत जा म्हणून सांगितलं. ईदेला चाची घराला चुना देत, पण ती भिंत खिळ्यांच्या कडेकडेनं.

चाचींना या वेडाचा राग होता असं त्या सांगत. "भाऊ, माझ्या भावांची नावं इचारा ह्यांना, येनार न्हाईत," त्या मला म्हणायच्या, "पर खर्ड्याच्या पैलवानाची मांडी इचारा." पण हगाम्याच्या आदल्या दिवशी शिदोरी बांधायच्या त्याच, आणि निकाल विचारायला दारात उभ्या असायच्या त्याही.

दर वर्षी चाचा दोन-तीन लंगोट शिवत आणि मनात भरलेल्या पैलवानांना जत्रेत नेऊन देत. लाल, जाड कापडाचे, तिहेरी शिवणीचे. लंगोट शिवून झाला की आधी मारुतीच्या देवळात दाखवायला न्यायचं काम माझ्याकडे. "त्येच्या हद्दीतलं काम हाय, त्येला इचारल्याबिगर द्यायचा न्हाई," असा त्यांचा नियम. आणि शुक्रवारी नमाजानंतर ते स्वतः दुवा मागत ती पैलवानांच्या गुडघ्यांसाठी. बाकी सगळं अंग मेहनतीनं होतं, गुडघा तेवढा वरच्याच्या हातात असतो, हे त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं होतं. पारनेरला असेपर्यंत मीसुद्धा देवळात गेलो की आधी गुडघ्यांचं बघून घेत असे.

ही तिहेरी शिवण कुठून आली, त्याची गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली आहे की ती मीच पाहिल्यासारखी वाटते. आठ-नऊ वर्षांपूर्वीची. खर्ड्याकडच्या एका जत्रेत शेवटची मोठी कुस्ती होती. एका बाजूला त्या भागातलाच एक धिप्पाड गडी, त्याचा लंगोट चाचांनी शिवलेला. दुसऱ्या बाजूला कोपरगावकडचा एक तरुण पैलवान, त्याचं नाव तेव्हा नुकतंच होत होतं. लोक त्याला कोपरगावकरच म्हणत. त्यानं त्या धिप्पाड गड्याला खाली घेतलं, एका खांद्यावर आणलं, आता एक हिसका की चितपट, आणि तेवढ्यात त्या खालच्या गड्याच्या लंगोटाची शिवण टर्रकन उसवली. चार-पाच हजार माणूस, त्यात लेकुरवाळ्या बायाही. खालच्या गड्यानं डोळेच मिटून घेतले. कोपरगावकरानं पकड सोडली. तो उठला, त्या गड्याच्या पुढं पाय फाकून, हात पसरून आडवा उभा राहिला आणि पंचांना ओरडून म्हणाला, धोतर आणा. धोतर येईपर्यंत तो तसाच उभा होता. मग दुसरा लंगोट आला, कुस्ती पुन्हा पहिल्यापासून लागली, आणि ती कोपरगावकर हरला.

चाचा त्या गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे गेले आणि शिवण माझी होती असं सांगितलं. तो अंगावरची माती झाडत होता. म्हणाला, "शिवन हाय चाचा, कवातरी उसवायचीच. लावून घेऊ नका." चाचांनी घरी येऊन दोरी कापली, अठ्ठेचाळीस इंच. भिंतीवरची सगळ्यात मधली. आणि तेव्हापासून त्यांची प्रत्येक शिवण तिहेरी. त्यानंतर त्या पैलवानाच्या आठ-दहा कुस्त्या त्यांनी पाहिल्या, जिंकलेल्या आणि हरलेल्या, पण सांगायचे ते एवढी एकच.

लढाई संपली तरी कापडाचा कंट्रोल काही संपायचं नाव घेत नव्हता. त्या साली गावच्या पंचांनी ठरवलं की आपल्या जत्रेच्या हगाम्यात एका नामी पैलवानाला बोलावून त्याचा सत्कार करायचा. कुणाला बोलवायचं यावर बरीच वादावादी झाली आणि चाचा तिथं तीन तास बसून होते, त्यामुळे कोपरगावकराचं ठरलं. दोन-तीन वर्षं तो कुठल्या जत्रेत दिसला नव्हता, पण चांगल्या पैलवानाला जोड मिळत नाही मग तो घरी बसतो, असं चाचांनी सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं. पंचांकडून फेटा आणि नारळ. चाचा म्हणाले, कोट माझा.

कोटाचं कापड मिळवायचं कसं, हा प्रश्न माझ्या टेबलावर आला, कारण कचेरीत कापडाच्या कार्डांचं काम माझ्याकडे होतं. चाचा एके दिवशी कार्ड घेऊन आले आणि म्हणाले, कुटुंबात एक नाव वाढवा. कुणाचं, म्हणून मी विचारलं. तर पैलवानाचं. नातं काय लिहू म्हटलं, तर ते विचारात पडले आणि थोड्या वेळानं म्हणाले, तुम्हीच काहीतरी चांगलं लिहा. मी नाही म्हणालो. नोकरी जाण्याची भीती होती. तेव्हा त्यांनी स्वतःचा आणि चाचींचा वर्षाचा सगळा कोटा एकरकमी उचलला आणि त्यात काळं लोकरी कापड घेतलं. त्या ईदेला दोघांच्याही अंगावर जुनेच कपडे होते. चाची वाट्टेल ते बोलल्या. मग कोटाची काजं त्यांनीच केली.

मी त्यांना सुचवलं की पैलवानाला एक कार्ड टाकून माप मागवू. एवढ्या मोलाचं कापड, पुन्हा मिळायचं नाही. हे मी पाटलांच्या ओट्यावर, चार माणसांत बोललो, तीच चूक झाली. चाचांचा चेहरा उतरला. पाटलांनाही गंमत सुचली. ते म्हणाले, भाऊसाहेब बरोबर बोलतात, नजरेला आता वय झालं. चाचा उठून उभे राहिले.

"पाटील, त्या गड्याचं माप माझ्या डोळ्यात हाय. एक सूत जरी इकडं-तिकडं झालं तर उद्यापासनं टेप गळ्यात घालून हिंडंन. आन भिंतीवरच्या दोऱ्या काढून टाकंन."

लोकांनी हे ध्यानात ठेवलं. पारनेरसारख्या गावात करमणूक थोडी, अशी गोष्ट कुणी विसरत नाही. महिनाभर येणारा-जाणारा दुकानात डोकावून कोट बघायचा. खरोखर देखणा कोट झाला. अठ्ठेचाळीस छाती, खांदे असे की दारातून आडवा न्यावा लागला.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नगरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं पैलवान आला. दुकानापुढं पन्नासेक माणसं जमली होती. मोटारीतून सहा-सात जण उतरले आणि लोक अजून आतच बघत होते. पैलवान उतरून बाजूला उभा होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. उंची होती, हाडं होती. मांस मात्र कुणी काढून नेल्यासारखं गेलं होतं. गळ्याची कातडी सैल पडलेली. विषमज्वरानं दीड वर्ष अंथरुणाला होता, हे मग त्याच्याबरोबरच्या माणसानं हळूच पाटलांना सांगितलं.

मी चाचांकडे बघत होतो. त्यांनी पैलवानाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, सवयीप्रमाणे खांद्यांकडेच पाहिलं. एकदाच. त्यांना जे कळायचं ते तेव्हाच कळलं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. मग ते पुढं झाले, सलाम केला, आत घेऊन आले, पाणी दिलं. कोट आतल्या खोलीत होता, त्याचं नावही काढलं नाही. संध्याकाळच्या सत्काराच्या आत काहीतरी करू, असं त्यांच्या मनात असावं.

पण पाटलांना धीर नव्हता. लोकही कोट, कोट म्हणून मागे लागले. पैलवान म्हणाला, संध्याकाळी घालू की, आता कशाला. त्याचाही आवाज जरा पडलेला होता. पाटलांनी स्वतः आत जाऊन कोट आणला आणि प्रेमानंच त्याच्या अंगावर चढवला.

बाह्या बोटांच्या खाली आल्या. खांदे दंडावर उतरले. पैलवान मान खाली घालून आपले हात शोधत असल्यासारखा उभा होता. कुणीतरी मागून "अरारा" असं म्हणायला सुरुवात केली. त्याच्या पुढं काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यात जास्त त्या पैलवानाला.

"चुकलं," चाचा म्हणाले.

ते इतक्या मोठ्यानं कधी बोलत नसत. पैलवान आणि लोक यांच्या मध्ये येऊन ते उभे राहिले. "पाटील, माझं चुकलं. नजरेनं दगा दिला. आठ इंच चुकलो मी. तुमी म्हनत हुता ते खरं, वय झालं. भाऊसाहेब, तेवढा खनातला टेप द्या."

मग पाटील हसले, आणि मग सगळेच हसले. चांगले पोट धरून हसले. इतकी वर्षं ज्याला कुणी पकडू शकलं नव्हतं तो माणूस आज आठ इंचांनी सापडला होता. मामलेदारसाहेबांपर्यंत बातमी पाच मिनिटांत गेली आणि ते जातीनं हसायला आले. दोऱ्यांचं काय मास्तर, असं कुणीतरी विचारलं. चाचांनी स्टूल घेतलं आणि तेवीसच्या तेवीस दोऱ्या एकेक करून उतरवल्या. मला ते बघवेना. त्या गडबडीत पैलवानाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तो कोट काढून बाकावर बसला होता आणि कुणीतरी त्याला चहा आणून दिला होता.

टेप कसा धरायचा हे चाचांना धड ठाऊक नव्हतं. चाचींनी दुसरं टोक धरलं. चाळीस. मग दुकान बंद करून आम्ही तिघं बसलो. उसवायचं काम माझ्याकडे. तिहेरी शिवण उसवणं म्हणजे काय असतं ते माझ्या बोटांना विचारा. चाचींनी पुन्हा काजं केली. कापताना चाचांचा हात एकदाही थांबला नाही. चार वाजता कोट तयार झाला, आणि सगळ्या जन्मात चाचांनी एक इंचही वाढीव न सोडता शिवलेला तो बहुधा पहिलाच कपडा.

सत्कार थाटात झाला. हलगी वाजली, फेटा बांधला, नारळ दिला. कोट असा बसला होता की त्याच्यात पैलवान पुन्हा पैलवान दिसला. दुरून बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन शब्द बोला म्हटलं तेव्हा त्यानं नुसते हात जोडले. मग तो आखाड्यातून चालत सरळ पहिल्या रांगेत आला, चाचा मांडी घालून बसले होते तिथं, आणि त्यांच्यापुढं उकिडवा बसला. मी शेजारीच होतो.

"चाचा," त्यानं विचारलं, "खर्ड्याकडं तुमी मला बघितलं, त्या साली माझी छाती किती हुती?"

"आज हाय तेवढीच," चाचा म्हणाले. "मीच जास्ती धरली."

"मग एवढी लोकं भ्यायची ती उगंच व्हय?"

"छातीला कोन भीत हुतं?" चाचा म्हणाले. "बसा. पुढची जोड लई चांगली हाय."

पैलवान हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हसला. आणि नव्या कोटाला माती लागेल याची पर्वा न करता तो आमच्याबरोबर तिथंच बसला. शेवटची कुस्ती होईपर्यंत दोघं मिळून पोरांचे खांदे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या गळ्यात टेप दिसू लागला. दोऱ्या चाचींनी एकीला एक जोडून कपडे वाळत घालायला घेतल्या. त्यांच्या मते त्या दोऱ्यांचा जन्मात पहिल्यांदा काही उपयोग झाला. गावानं वर्षभर चाचांना चिडवलं. लहान-थोर कुणीही येऊन म्हणे, चाचा, आठ इंच सोडून शिवा हं. ते हसून टेप लावत. कधी उलट बोलले नाहीत. मलाच राग यायचा. एकदा मी पाटलांना सांगायलाही निघालो होतो, तर चाचींनी मला दारातून माघारी फिरवलं. ह्यांनी जे केलंय त्यात हात घालू नका, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढवून मी दुकानात निरोप घ्यायला गेलो. दुपारची वेळ, दुसरं कुणी नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "चाचा, मी चाललो. आता तरी सांगा. त्या वेळची छाती किती होती?"

"चाळीस," चाचा म्हणाले.

"अहो, मी काही कुणाला सांगणार नाही."

त्यांनी मशीन थांबवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुमी न्हाईच सांगनार, भाऊसाहेब," ते म्हणाले. "पर मी बोललो तर मला ऐकू यील की."

पुढं तीस वर्षं मी सरकारी दप्तरात खऱ्याचं खोटं आणि खोट्याचं खरं होताना पाहिलं, थोडं स्वतःही केलं. पण त्या एका चाळीस इंचांइतकं मनापासून सांभाळलेलं खोटं मला पुन्हा भेटलं नाही. आणि त्या माणसावर मी जेवढं प्रेम केलं तेवढं फार थोड्या माणसांवर केलं.